काम चालू आहे

बेलापूरला, एकविसाव्या मजल्यावर,
मिसेस टिपणीस म्हणाल्या, घरात थोडा निसर्ग हवा.
थोडा म्हणजे किती, हे मी विचारत नाही.
अठरा वर्षं आहे या धंद्यात,
शेवटी स्क्वेअर फुटांतच सांगतात लोक.

मग कॅटलॉग. शिसवी रेषांचं लॅमिनेट,
ज्यातली गाठ दर आठ फुटांनी तीच,
जसा एकच माणूस रेशनच्या रांगेत
पुन्हा पुन्हा उभा.
छताला पिंपळपान काढलं होतं मी,
साहेब म्हणाले, पिंपळ घरात नको.
मग त्याचं बदाम केलं.
जिप्सम दोन्हीला सारखंच लागतं.
बाल्कनीत वेताचा झोपाळा. बाथरूमबाहेर शेवाळ,
खरं, पण वाळवून रंगवलेलं.
पाणी घालावं लागत नाही, हे मी दोनदा सांगितलं
आणि दोन्ही वेळा त्यांना बरं वाटलं.

उरली दिवाणखान्याची मोठी भिंत.
तिथे काळा दगड हवा होता, ओबडधोबड,
पण हात लागला तर खरचटू नये.
समोरच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
अर्धा.
उरलेला कुठे गेला ते काय सांगायचं,
आपण सगळे त्याच्यावरच उभे आहोत,
सेक्टर, नाले, सर्व्हिस रोड,
माझं तुर्भ्याचं गोदाम.

दगड लावायला यल्लप्पा धोत्रे आला.
लहानपणी त्याच डोंगराच्या खाणीत
आईमागून खडी वेचलेला.
पट्टी काढण्याआधी तो
हातोडीच्या दांड्यानं दगड वाजवायचा,
कान लावायचा, बाजूला ठेवायचा.
'याची पाठ वर पायजे मॅडम.
उलटा बसवला तर झोप नाय लागत.'
कोणाला, ते विचारायचं राहून गेलं.
सुपरवायझर वैतागला.
दिवसाला तीस फूट ठरले होते,
होत होते अकरा.
त्यात सर्व्हिस लिफ्ट चारला बंद.

शेवटी धूळ झडू नये म्हणून मॅट कोट मारला.
भिंत दिसायला लागली
नुकतंच कोणी दटावून गप्प बसवल्यासारखी.
फोटो काढले, बिल पाठवलं.

नवरात्र संपता संपता मेसेज आला:
दगडावर चिखल लागलाय, माणूस पाठवा.
मीच गेले.

दोन दगडांमध्ये यल्लप्पानं
बोटभर फट सोडली होती,
कोट तिथवर पोचलाच नव्हता.
तिच्या काठाला कुंभारमाशीनं
चार खोल्या बांधल्या होत्या,
पाचवीचं काम सुरू.
ज्वारीच्या दाण्याएवढी एक गोळी, एक खेप.
एकवीस मजले. ना चलन, ना टेम्पो.
कोपरा कुठेच नाही,
म्हणून कोपऱ्यातली जळमटं नाहीत.
आत एक अंडं, त्याच्यापुरती शिदोरी,
आणि दार लिंपून बंद.

एका बंगल्याला मी मातीचा गिलावा केला होता,
बाहेरून कारागीर आणून, सव्वा लाखाचा.
पहिल्याच उन्हाळ्यात तडकला.
मी चष्मा काढून जवळून पाहिलं.
इथे एक चीर नव्हती.

'खिडकी बंदच असते,' मिसेस टिपणीस म्हणाल्या,
'फक्त बांगडे तळले की जरा उघडते.'
आज तळले होते.
आणि ती आली, तोंडात गोळी,
आम्हा दोघींच्या मधून, थेट भिंतीकडे,
उशीर झालेल्या गवंड्यासारखी.
मिसेस टिपणीस मागे सरकल्या,
पण एकच पाऊल.
मग बघत राहिल्या, हातात झारा तसाच.

'किती दिवस चालेल हे?'
माझ्या तोंडून सवयीनं निघालं,
काम चालू आहे,
आठ-दहा दिवस धरा.